मामांची निर्जळी

पौषातल्या एका दुपारी बेळगावकडून आलेल्या गाडीच्या गार्डाने लोंढ्याला माझ्या किराणा दुकानात निरोप आणला, तुमचे दवाखान्यातले मामा गेले. आदल्याच दिवशी मी त्यांच्या उशाशी होतो. दुकान एकदा उघडून येतो म्हणालो, तेव्हा ते नुसते हसले होते...

दत्तूमामा जोयड्याजवळच्या वाडीतले भातशेतकरी. उंच, तापट, बैलांशी लाडाने आणि माणसांशी ओरडून बोलणारे. माघात उळवीच्या जत्रेला वाडीच्या गाड्या निघत, त्यात पहिली त्यांची. साठी उलटली तसे ते गाडीत बसेनासे झाले, सगळ्यांच्या मागून चालू लागले आणि वाटेत पाण्याचा थेंबही घेईनात. गोवा मोकळा झाला त्या सालच्या जत्रेत कुणीतरी त्यांच्यापुढे तांब्या धरला, तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत एक म्हातारी म्हणाली की त्यांचं व्रत आहे, आग्रह करू नका. मामा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी लोक त्यांच्या पाया पडू लागले, पहिला नारळ त्यांच्या हातून फुटू लागला. मग घरीही चारचौघांत पाणी घेणं त्यांनी बंद केलं. मी त्यांची फार थट्टा करायचो, मामा, आता तुमचंच देऊळ बांधायचं राहिलंय, म्हणायचो. ते माझ्यावर ओरडायचे, पण मान त्यांना आवडत होता. कुणाला आवडत नाही?

यंदा मळणीच्या दिवसांत त्यांची लघवी एकाएकी बंद झाली. पोट फुगून टणक झालं. लाकडं वाहणाऱ्या ट्रकातून लोंढा आणि तिथून रेल्वेने बेळगाव, असं आम्ही त्यांना नेलं. डॉक्टरांनी रबराची नळी घालून आधी त्यांना मोकळं केलं. मग शिरेत रंगाचं औषध टोचून एक्स-रे काढला. म्हातारपणी लघवीच्या वाटेभोवतीची गाठ वाढते, तेच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "पूर्वी या ऑपरेशनला लोक घाबरत, आणि घाबरण्यासारखंच होतं ते. आता रक्त देता येतं, जखम चिघळू नये म्हणून औषधं आहेत, माणूस पुन्हा शेतात जातो." मोठ्या शहरांत तर पोट न कापता लघवीच्या वाटेनेच गाठ खरवडून काढतात, असंही त्यांनी सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. एका बाजूला रंग उतरलाच नव्हता, दुसरीकडे अगदी पुसट. कित्येक वर्षं मागे तुंबून तुंबून दोन्ही मूत्रपिंडं खराब झाली होती. रक्तातलं विष कमी झालं तरच ऑपरेशन करता येणार होतं.

नळी आहे तोवर भरपूर पाणी प्या, असं नर्सबाईंनी बजावलं. मामीने घरून नेलेला तांब्या मामांनी दोन्ही हातांनी धरला, एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसत म्हणाले, किती वर्सांनी गं... मी व्रताचं विचारलं.

"कसलं व्रत, पोरा. घडीघडीला लागायचं, आणि झाडाआड उभं ऱ्हायलं तरी व्हायचं न्हाई. बायकापोरांच्या गाड्या कितीदा थांबवायच्या? लाज वाटायची." थोड्या वेळाने म्हणाले, "मी गेल्यावर सांग सगळ्यांस्नी. जित्तेपणी नको."

विष काही उतरलं नाही.

तेराव्यानंतर वाडीने ठरवलं, यंदा गाडीवाल्यांनी दत्तूमामांच्या नावाने उळवीपर्यंत निर्जळी जायचं. मी बोलायला उठलो तर मामीने माझा हात धरून आत नेलं. "नको रं सांगू. तेवढंच उरलंय त्यांचं," ती म्हणाली. मला राग आला, पण तिच्या तोंडाकडे बघून मी गप्प राहिलो.

निघायच्या सकाळी गाड्या तिच्याच दारापुढे उभ्या होत्या. मामांचे जुने जोडीदार नागाप्पा बैल जुंपत होते. सुनेने दिलेलं पाणी त्यांनी परत केलं आणि जांभळीच्या झाडाआड गेले. बराच वेळ आलेच नाहीत. सुतकानंतरही मामी अजून चारचौघांत येत नव्हती, ती दाराआडून बघत होती. नागाप्पा धोतर सावरत परतले तेव्हा ती भरला तांब्या घेऊन सगळ्यांच्या देखत अंगणात उतरली.

"पानी प्या, भावजी. त्यांचं व्रत न्हवतं. लघवी अडायची. लाजंनं पानी सोडलं, लाजंनं डॉक्टर केला न्हाई, आणि तसंच गेले."

नागाप्पांनी तांब्या घेतला आणि मान खाली घालून म्हणाले, "वयनी, मला बी तसंच हाय."

ते उळवीला गेले नाहीत, मी त्यांना बेळगावला नेलं. त्यांची मूत्रपिंडं शाबूत होती. गेल्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं, परवा नळी निघाली. ते सांगायला मी मामीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि हात थांबवून तिने विचारलं, "म्हंजे येळेत न्हेलं असतं, तर त्यांस्नी बी असंच उठवलं असतं न्हवं?"

"व्हय, मामी."

ती बराच वेळ रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मग हे सगळं पेपरात लिही. नावानिशी लिही."