आठ रिबिट आणि तेलाचा हात

माझी मोटारसायकल माझ्या पोराहून एका वर्षाने मोठी आहे. हैदराबादहून जुनीच आणली होती, बाहेरदेशी बनावटीची. पुढच्या चाकाला चकतीचा ब्रेक असलेली आमच्या भागातली ती पहिली गाडी, असं मी सांगतो. खोटं आहे म्हणणारा अजून कोणी भेटला नाही.

दर दसऱ्याला आम्ही नवरा-बायको याच गाडीवर वालूरला जातो. ते तिचं माहेर. भावाला सोनं द्यायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. एवढ्या वर्षांत एकही दसरा चुकला नाही.

औंदा पोळा झाला आणि पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की टक. सोडून गाडी मागं ढकलली की परत टक. एक दिवस पुलाच्या उतारावर ब्रेक मारला तर हँडल तापानं फणफणल्यासारखं थरथरलं. गाडी थांबली तशी बायको खाली उतरली, पदर खोचला आणि चालत घरी आली. संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली,

"दसऱ्याला मी यष्टीनं जाईन. तुमी या तुमच्या टकटकीवर."

ती भांडली असती तर मला चाललं असतं. पण ती शांतपणे बोलली. तिनं यष्टीतून उतरायचं आणि मी मागून एकटं पोचायचं, हे चित्र मला सहन होईना.

देवगाव फाट्यावर एक मेकॅनिक आहे, पोरगेलासा. त्यानं चकती हातानं हलवून बघितली.

"आजोबा, डिस्क ढिली झालीय. बाहेरची चकती आन चाकाला बसलेलं आतलं कडं रिबिटांनी जोडलेलं असतंय, ते सैल झालेत. नवीच लागती. आन ही कुठं मिळत न्हाई."

"मग काय करायचं?"

"अंगणात उभी करा. नातवंडं फोटो काढतील."

पोरगा परभणीला नोकरीला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, भंगारात द्या ती. मी स्कूटर घेऊन देतो. बटन दाबलं की चालू."

"बटन दाबून तर तुझा पंखा बी चालू होतोय. त्याच्यावर बसून वालूरला जाऊ का?" म्हणालो आणि फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर मी चौथी पास. पण रिबिट ही गोष्ट मला कोणी शिकवावी असली नाही. लहानपणी पालमला एका लोहाराकडं मी पाच वर्षं भाता ओढला. लोखंडी मोटा, काहिली, पाण्याच्या टाक्या, सगळं आम्ही रिबिटावर, म्हणजे दोन्हीकडून ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांवर जोडायचो. भरलेल्या मोटेतून थेंब गळला तर उस्ताद माझ्यापुढचं ताट उचलायचा. असं शिकलेलं विसरत नाही.

नवमीच्या दिवशी सकाळी चाक काढलं, चकती उतरवली. आठ रिबिट. एकेक बोटानं हलवून बघितला, आठही दुधाच्या दातासारखे हलत होते. झिजले मात्र नव्हते. ठोकून बसवले तर बसणार होते.

पण रिबिट एकट्यानं ठोकता येत नाही. एका बाजूनं घाव घालायचा तर दुसऱ्या बाजूला घण घट्ट दाबून धरणारं माणूस लागतं, नाहीतर घाव हवेत जातो. मी बायकोला हाक मारली. ती शेंगा निवडत होती.

"मला कशाला ओढता तुमच्या उद्योगात?"

"नुसता घण धर. बोलू नको."

"एक काय ते सांगा. धरायचं तर बोलणार."

चकती आम्ही दोघांच्या मधी उभी धरली. तिकडून तिनं घण दाबला, इकडून मी हातोडी चालवली. एक रिबिट ठोकला की मी चकती अर्धी फिरवायचो आणि बरोबर समोरचा धरायचो.

"काहून उड्या मारायलात? ओळीनं मारा की."

"ओळीनं मारलं तर चकती एका अंगाला वाकती. बैलगाडीच्या चाकाच्या पाचरी कशा ठोकतात? समोरासमोर."

"मग हे आधी सांगावं माणसानं," म्हणाली आणि पुढचा रिबिट मी दाखवायच्या आधी तिनंच धरला. आठवा होईपर्यंत तिच्या हाताला मुंग्या आल्या, पण घण जागचा हलला नाही. लोहाराकडं असती तर उस्तादानं मला हाकलून तिला ठेवली असती.

चाक चढवलं. फोर्कला सुतळीनं दाभण बांधला, टोक चकतीपासून केसभर लांब ठेवलं आणि चाक गरगर फिरवलं. अंतर कुठं वाढलं नाही, कुठं कमी झालं नाही, म्हणजे चकती सरळ होती. गाडी पुढं ढकलून ब्रेक दाबला. आवाज नाही. मागं ढकलली. आवाज नाही. मग खुशीत आंघोळ केली आणि खंडेनवमीची पूजा मांडली. पाने, हातोडी, घण, विळे, गाडी, सगळ्याला झेंडू, सगळ्याला कुंकू.

दसऱ्याला सकाळी गल्लीत गाडी काढली. बायको दारात उभी होती. मी वेगात आलो आणि पुढचा ब्रेक दाबला. मागचा मुद्दाम दाबला नाही, परीक्षा पुढच्याची होती.

टक वाजलं नाही. गाडीही थांबली नाही. मी सरळ सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात गेलो.

बायको सावकाश चालत आली. "आवाज तर गेला," म्हणाली. "लागलं का कुठं?"

लागलं नव्हतं, पण डोकं फिरलं होतं. मी एकेक रिबिट तपासला. घट्ट. ब्रेकची नळी बघितली, तेलाची टाकी बघितली. सगळं नीट. तासभर मी गाडीभोवती फिरत होतो. शेवटी तिनं वाकून चकतीवर बोट फिरवलं आणि नाकाशी धरलं.

"हे गोडं तेल हाय."

"काल नवमी होती. हत्याराला तेलाचा हात लावतात."

"हिला बी लावलं?"

"सगळ्या लोखंडाला लावलं, हिलाच काय वगळायचं?"

"आता वरवंट्याला बी लावा. मग मी मिरची वाटते."

आयुष्यभर खंडेनवमीला माझ्या घरातलं एकही लोखंड तेलावाचून राहिलं नाही. कोरडं राहणं हेच ज्याचं काम, असंही एक लोखंड असतं. ते मला ठाऊक होतं, हाताला ठाऊक नव्हतं.

चकती पेट्रोलनं दोनदा धुतली, फडक्यानं पुसली. चकतीला दोन्हीकडून आवळणारे ब्रेकचे गुटके तेल प्यालेले होते, ते काढून टाकले. नव्या गुटक्यांची एक जोडी मी तंबाखूच्या डबीत किती वर्षांपासून जपून ठेवली होती. ती बसवली.

दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवायची रीत आहे. ते लिंबू मी उचललं आणि गल्लीत मधोमध ठेवलं, बायकोच्या पायापासून चार पावलांवर. ती हलली नाही. मी लांब जाऊन वळलो, वेगात आलो आणि पुढचा ब्रेक दाबला. गाडी नंदीसारखी मान खाली घालून जागेवर बसली. हँडल थरथरलं नाही.

बायको वाकली. लिंबू आणि चाकाच्या मधी तिनं बोटं घालून बघितली. दोन बोटं मावली. मग लिंबू उचलून कनवटीला लावलं. "वरणाला व्हईल," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, यष्टीची पिशवी घेऊन येती आता. ती हिरवं लुगडं नेसून आली आणि माझ्या मागं बसली.

"चला. दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे."

फाट्यावर त्या मेकॅनिकच्या दुकानापुढं मी उगीच जोरात आलो आणि उगीच थांबलो. तो पाना हातात घेऊन बाहेर आला. चकतीला हात लावून हलवायला बघितलं, ती हलली नाही.

"कुठं मिळाली, आजोबा?"

"घरातच होती."

तो खाली बसून रिबिट मोजायला लागला. मी गिअर टाकला.

वालूरला मेव्हणा ओट्यावरच बसला होता. "दाजी, अजून हीच गाडी? म्हटलं गेली असंल भंगारात."

मी छाती पुढं करून तोंड उघडलं. माझ्या आधी मागून आवाज आला.

"भंगारात कशाला जाईल? आठ रिबिट मी धरलेत तिचे."