करंड्यातले सहा ट्रान्झिस्टर

यंत्र उघडलं की पळसुलेनाना आधी आतल्या ट्रान्झिस्टरला टिचकी मारत. नव्वदीच्या सुरुवातीला देवासच्या एका कारखान्यात, उपकरण दुरुस्तीच्या खोलीत मी रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं. शेजारच्या टेबलावरून ते म्हणाले, "देख भिया, याला मिशा फुटल्यात."

मला वाटलं, म्हातारा नवख्याची फिरकी घेतोय. पण ते खरं होतं. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीला आतून केसासारखे बारीक तंतू फुटतात आणि आतल्या तारांना चिकटतात. मग सगळं शॉर्ट. दुरुस्तीची यंत्रं तपासायला त्यांत सिग्नल सोडणारा, नानांचा जीव की प्राण असलेला परदेशी सिग्नल जनरेटर त्यापायीच सारखा बंद पडायचा. नाना विजेचा एक झटका देऊन ते तंतू जाळत. "दाढी केली. पंधरा दिवस बघायला नको," म्हणत. कधी पंधरा निघत, कधी चार.

तसले ट्रान्झिस्टर बनायचे केव्हाच थांबले होते. इंदूर पालथं घालून झालं. आताचा सिलिकॉनचा लावून पाहिला, तर सिग्नल डगमगे. शेवटी धारला एक रेडिओ मेकॅनिक दुकान आवरत होता, त्याच्याकडे सहा कोरे मिळाले. परतीच्या बसमध्ये नाना खिशातल्या पुडीवर हात ठेवून बसले होते. आल्यावर त्यांनी ते सहा आईच्या पितळी कुंकवाच्या करंड्यात, कापसावर ठेवले.

"नाना, लावून टाकू ना एक," मी म्हटलं.

"छे! हे अडीअडचणीला. वापरलं की झिजतं रे. तोवर दाढीच करू."

दहा वर्षं दाढीच केली. बंद यंत्राची पूजा करायची नाही, हा नानांचा नियम. खंडेनवमीला ते जनरेटर चालू करून त्याला हळदकुंकू वाहत आणि करंड्यालाही एक बोट लावत.

मग नवे मॅनेजर आले. त्यांना ही खोलीच नको होती. "पळसुलेजी, सोमवार को चला के दिखाओ. चला तो आपका टेबल रहेगा, नहीं तो मशीन कबाड़ में और आप स्टोर में." त्या आठवड्यात झटके देऊनही जनरेटर हूं की चूं करेना. माझा जीव टांगणीला, नाना मात्र निवांत. "आता आली म्हणायची अडचण," असं म्हणत सोमवारी सकाळी त्यांनी करंडा उघडला.

पहिला मीटरला लावला. मीटर वाजला. शॉर्ट. दुसरा तसाच. तिसराही. सहाच्या सहा. वापराचा संबंधच नव्हता. मिशा करंड्यातही वाढत होत्या. झटके दिले, तर दोन कायमचे गेले आणि उरलेले चार तर मॅनेजर दारात येईपर्यंतही टिकले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर नानांच्या त्या जपण्याचा रागही आला. नाना एवढंच म्हणाले, "मला वाटलं होतं, ठेवलेल्याचं वय होत नाही."

जनरेटर भंगारात गेला. नाना दोन वर्षं स्टोरमध्ये नटबोल्ट देत बसले. खंडेनवमीला बोलवायला गेलो, तर म्हणाले, "कशाची करू पूजा?"

मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाला आम्ही गरम शाल दिली. मी सवयीनं बोलून गेलो, "जपून ठेवा नाना, थंडीत होईल."

"नको भिया," ते म्हणाले. तिथंच त्यांनी घडी मोडली, शाल अंगावर घेतली आणि भर दुपारच्या उन्हात तसेच गेटबाहेर पडले. लोक हसले. त्या वर्षीची थंडी नानांनी पाहिली नाही.