मामांचा लाल शिक्का

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत विद्वान सात होते आणि शहाणा माणूस एकच, शिक्केमामा. हे मी आज म्हणतेय. तेव्हा मी त्या सातांतली एक होते आणि माझं नाक वरच असायचं.

इंग्रजी शब्दाला मराठी अर्थ द्यायचा, हे आमचं काम. एका शब्दाला एक कार्ड. अर्थ लिहून झाला की कार्डाच्या कोपऱ्यात आम्ही पेन्सिलीने एक अक्षर टाकायचो: जुन्या शब्दाला ‘जु’, बोलीतल्या शब्दाला ‘बो’ आणि माणसाला कमी लेखणाऱ्या शब्दाला ‘तु’. मग कार्डांची खोकी मामांच्या टेबलावर जायची. ते अक्षर बघून शिक्का मारायचे. ‘जुना’ निळ्या शाईत, ‘बोली’ हिरव्या, ‘तुच्छतादर्शक’ लाल. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. तसं चहा आणणं, पंखे पुसणं, आमची हरवलेली पेनं आमच्याच कानामागून काढून देणं हेही केलं, पण ते सगळं ते कामात धरत नसत.

मामांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. पण शिक्का उठवण्याआधी ते कार्डावरचा अर्थ वाचायचे, अगदी ओठ हलवत. थेंबे थेंबे तळे साचे. एकदा मला म्हणाले, “ताई, गंमत बघा. ‘व्हिलन’ म्हणजे मुळात खेड्यातला मजूर. ‘व्हल्गर’ म्हणजे मुळात चारचौघांचं. गरिबाच्या दारात शब्द धडधाकट जातो आणि शिवी होऊन परत येतो.” मी “हो का!” म्हटलं आणि कार्डांत डोकं घातलं. विद्वानाला शिपायाकडून शिकायची सवय नसते.

त्यांची आई एका इस्पितळात फरशा पुसायची. एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं होतं, आणि मी तेही विसरले होते.

मग एम ते पी या अक्षरांची प्रूफं आली. बघते तर ‘मॉब’, ‘पेझंट’, ‘पिऊन’, ‘प्लेबियन’, ‘मीनियल’ अशा सतरा शब्दांपुढे ‘तुच्छतादर्शक’ छापलेलं! कार्डं काढली. लाल शिक्का ठसठशीत होता, पेन्सिलीचं ‘तु’ कुठेच नव्हतं. मला असा काही चेव आला की विचारू नका. कार्डांची चळत घेऊन मी तडक मोठ्या साहेबांकडे गेले. चहाड्या करायला आपल्याला कुणी शिकवत नाही, ती कला उपजतच असते.

मोठे साहेब म्हणजे आमचे मुख्य संपादक. स्वल्पविराम चुकला तरी त्यांना जेवण जात नसे. त्यांनी कामावरून कमी करण्याचं पत्र टाइप करून घेतलं आणि मामांना बोलावलं. मामांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. पत्रावर सही झाली असती तर एकतीस वर्षांवर पाणी पडलं असतं. तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते मला कळलं.

“मामा, हे शिक्के कुणाला विचारून मारलेत?”

“कुणालाच नाही, साहेब. अर्थ वाचला आणि हात गेला.”

“कुठला शब्द अपमानाचा, हे तुम्ही ठरवणार?”

“मग कोण ठरवणार, साहेब? तुम्हाला कुणी तो शब्द म्हणतच नाही.” मामांचा आवाज अजिबात चढला नाही. “असं करा ना. एकेक शब्द माझ्या तोंडावर म्हणा. जो सहज म्हणता येईल, त्याचा शिक्का चुकला. तो खुशाल खोडा. सगळेच म्हणता आले, तर त्या पत्राला हात जोडून मी घरी जातो.”

साहेबांना पुराव्याचं वेड. ते चष्मा सारखा करत म्हणाले, “ठीक आहे. मामा, तुम्ही पेझंट.”

“आजोबा होते. शेत होतं आमचं. हा खोडा.”

“तुम्ही पिऊन.”

“ते तर आहेच की! खोडा.”

“तुम्ही मॉब.”

“मी एकटा कसा होणार? ताईंनाही घ्या बरोबर.”

साहेबांना हसू फुटलं, मलाही. खोडलेल्या कार्डांचा ढीग वाढत चालला आणि माझा जीव मात्र टांगणीला लागला. मग ‘प्लेबियन’चं कार्ड वर आलं. अर्थ खुद्द साहेबांच्या अक्षरात होता: ‘हलक्या अभिरुचीचा सामान्य मनुष्य’. साहेबांनी तोंड उघडलं, मामांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. “हा राहू द्या,” म्हणाले.

शेवटचं कार्ड ‘मीनियल’. अक्षर माझं. ‘हलकी कामे करणारा नोकर.’ ‘तु’ लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

“हा साधा कचेरीतला शब्द आहे, मामा. आपल्या हजेरीपटातसुद्धा आहे.”

“माहीत आहे, साहेब. एकतीस वर्षं ‘मीनियल स्टाफ’च्या खालीच सही करतोय. आई इस्पितळात त्याच शब्दाखाली अंगठा उठवायची. म्हणा की.”

साहेबांनी एकदा प्रयत्न केला. “मामा, तुम्ही...” आणि गाडी तिथेच अडली. मी जमिनीकडे बघत होते. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधीच वाटली नव्हती.

साहेबांनी पत्र उचललं, उभं फाडलं, मग आडवं फाडलं. “जा मामा, चहा सांगा,” म्हणाले आणि लगेच जीभ चावून स्वतःच चहा सांगायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. मामा सही करायला हजेरीपटावर वाकले होते, पण पेन तसंच हातात धरलेलं. पानावर ‘मीनियल स्टाफ’ या छापील मथळ्यापुढे लाल शिक्का होता, ‘तुच्छतादर्शक’, आणि शेजारी साहेबांची छोटी सही. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“तिरका बसलाय,” ते म्हणाले. “साहेबांना सवय नाही.”