शून्य सांगणारा ड्रायव्हर

स्मिल्का बेलियान्स्कीनं ज्याला धुळीला मिळवलं, तो ओस्तोया मालेशेव तिचा कूम, म्हणजे धर्मानं जोडलेला भाऊबंद होता. नोवी सादमध्ये एवढं सांगितलं तरी लोक आवाज खाली आणतात. तिच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहिला तो ओस्तोया, आणि तिच्या लेकीला, नेवेनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं तेही त्यानंच. सख्ख्या भावाशी बिनसलं तर लोक समजून घेतात. कुमाशी वैर धरणाऱ्या बाईकडे मात्र बेकरीच्या रांगेतही माना वळतात. स्मिल्कानं त्या माना वळू दिल्या.

दोघं एकाच कंपनीत होती. तो विभागप्रमुख, ती ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुवा असणारे प्रोग्राम, लिहिणारी. कंपनी बनवायची ती गावोगावच्या हीटिंग केंद्रांतली नियंत्रक यंत्रं, आणि त्या यंत्रांची सगळी स्मरणशक्ती फ्लॅश मेमरीत. ही मेमरी स्वस्त, पण भरवशाची नाही. वापरून वापरून ती झिजते, लिहिलेले बिट आपोआप उलटतात. म्हणून मजकुरासोबत थोडे जादा बिट तपासणीसाठी लिहून ठेवतात, आणि वाचताना त्यांच्या आधारानं उलटलेले बिट पुन्हा सरळ करून घेतात. मात्र एका मर्यादेपलीकडे बिट उलटले, की तो मजकूर कायमचा गेला. त्यामुळे ड्रायव्हरनं नुसती दुरुस्ती करून भागत नाही. आपण किती बिट दुरुस्त केले, हे त्यानं ऑपरेटिंग सिस्टीमला सांगायचं असतं. आकडा वाढायला लागला की सिस्टीम वेळेतच तो मजकूर दुसऱ्या, धडधाकट जागी हलवते.

स्मिल्काचा ड्रायव्हर हे इमानेइतबारे सांगत असे. आणि ओस्तोयाला नेमकं तेच खुपलं. गिऱ्हाइकांच्या पडद्यावर सूचना उमटायच्या, गिऱ्हाइकं घाबरून फोन करायची.

"कुमो, दुरुस्त झालेली चूक कुठं चूक असते का?" तो तिला म्हणाला; कूम-कुमा एकमेकांना कुमो, कुमे अशीच हाक मारतात. "आकडा शून्य पाठव. वसंतात नवी आवृत्ती काढू, तेव्हा परत घाल."

ती पानगळभर त्याच्याशी भांडली. असं केलं तर मेमरी आतून सडत जाईल आणि शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही, हे तिनं परोपरीनं सांगितलं. मग एका दुपारी तो तिच्या घरी आला, नेवेनाला खांद्यावर घेऊन अंगणात नाचला आणि जाताजाता पुन्हा तेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्मिल्कानं स्वतःच्या हातानं ती ओळ बदलली.

वसंत आला नि गेला, ओळ तशीच राहिली. त्यानंतरच्या जानेवारीत बानातमधल्या एका गावाचं हीटिंग बंद पडलं. यंत्रं एकामागून एक मुकी झाली, पाइप फुटले, प्रसूतिगृहातल्या बायकांना तान्ह्या बाळांसकट शाळेच्या व्यायामशाळेत हलवावं लागलं. मालकांनी बैठक बोलावली. ओस्तोयानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की ड्रायव्हर बाईंचा आहे, बदलही बाईंच्याच हातचा आहे, आपण त्यांच्यावर विश्वास टाकला हीच काय ती आपली चूक. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं नजर चुकवली नाही, आणि हेच तिच्या काळजात रुतून बसलं.

तिला काढून टाकलं. शहरातल्या दुसऱ्या कंपन्यांमध्ये तिचं नाव निघालं की माणसं खोकायची. शेवटी हवामान मोजणाऱ्या यंत्रांच्या एका लहानशा कारखान्यात तिला काम मिळालं. नवरा स्तोयान म्हणायचा, "सोड आता. त्याचं तो भोगेल."

"आपोआप कुणी भोगत नसतं," ती म्हणायची.

एका रविवारी तिनं नायलॉन नावाच्या जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून ओस्तोयाच्या कंपनीचं एक नवंकोरं दिसणारं यंत्र विकत घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते उघडलं, मेमरीतला एक बिट मुद्दाम उलटा केला आणि ड्रायव्हरकडून वाचून घेतला. मजकूर सुधारून आला. दुरुस्तीचा आकडा: शून्य. गाव गारठलं तरी ओस्तोयानं ती ओळ बदलली नव्हती. बदलली असती तर आधी ती चूक होती हे कबूल करावं लागलं असतं. स्मिल्का टेबलाशी बसून हसली. स्तोयान सांगतो, की तसं हसणं त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग तिनं जे केलं त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्याला उत्तर नव्हतं. ती ऑपरेटिंग सिस्टीम जगभरचे लोक मिळून लिहितात. कुणीही सुधारणा पाठवावी, जाणकारांनी तपासावी, पटली तर घ्यावी. स्मिल्कानं एक चाचणी लिहिली. यंत्र सुरू होताना मेमरीच्या राखीव कोपऱ्यात एक बिट मुद्दाम उलटा लिहायचा, मग ड्रायव्हरला वाचायला लावायचं. मजकूर सुधारून आला पण आकडा शून्य आला, तर पडद्यावर ठळक लिहायचं, की हा ड्रायव्हर दुरुस्त्या लपवतो, याच्यावर विसंबू नका. यार्को नावाच्या एका फिनिश जाणकारानं ती पुन्हा पुन्हा परत पाठवली. इथं मेमरी जास्त झिजेल, तिथं वेळ लागेल. ती प्रत्येक वेळी सुधारत गेली. शेवटी त्यानं लिहिलं, की ही चाचणी फार आधीच यायला हवी होती. का लिहिली, हे त्यानं विचारलं नाही.

ओस्तोयाचं मोठं गिऱ्हाईक ऑस्ट्रियातलं. ते लोक सिस्टीम स्वतः बांधायचे आणि कंपनीकडून फक्त ड्रायव्हर घ्यायचे, हे तिला ठाऊक होतं. नवी आवृत्ती त्यांनी बसवली आणि त्यांच्या प्रत्येक केंद्रातलं प्रत्येक यंत्र एकच गोष्ट ओरडून सांगू लागलं.

नोव्हेंबरात स्मिल्काच्या घरी स्लावा होती, त्यांच्या कुलसंताचा दिवस. त्या दिवशी आमंत्रण कुणाला देत नाहीत आणि आलेल्याला दारातून परतही पाठवत नाहीत. ओस्तोया आला. हातात वाइनची बाटली, दाढी वाढलेली. स्मिल्कानं रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे गोड गव्हाची वाटी धरली. त्यानं चमचाभर घेतला आणि तिला बाजूच्या खोलीत बोलायला नेलं.

"कुमो, त्या चाचणीखाली तुझं नाव आहे."

"असायलाच हवं. मी लिहिली."

"ती सदोष आहे असं दोन ओळींत लिही. ऑस्ट्रियाचे लोक तुझं ऐकतील. नाहीतर ते करार मोडतील आणि माझ्या हाताखालची पोरं रस्त्यावर येतील."

"पोरांना एक ओळ लिहिता येते, कुमे. ती लिहायला सांग त्यांना. आणि ती ओळ बदलायला कुणी लावलं, हे तू मालकांसमोर सांग. त्याच खोलीत. मी समोर बसणार."

"माझ्याकडे काही राहणार नाही."

"माझ्याकडे काय ठेवलं होतंस?"

त्यानं नेवेनाचं नाव काढलं. स्मिल्कानं त्याला तिथंच थांबवलं. "लेकरू पुढं करू नकोस. मागच्या खेपेला तिला खांद्यावर घेऊनच तू माझ्याकडून ती ओळ बदलून घेतलीस."

तो दिवाणाच्या कडेला बसला. बाहेर पाहुण्यांना सूप वाढायचं होतं. ती वाढायला गेली.

डिसेंबरात बैठक झाली. ऑस्ट्रियाचे लोक पडद्यावर, मालक टेबलाभोवती. ओस्तोयानं सांगितलं. ओळ बदलायला आपण लावलं, वसंतात ती पूर्ववत केली नाही, आणि त्या जानेवारीत दोष बाईंच्या गळ्यात घातला. स्मिल्का त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी नजर त्यानं चुकवली. तिला वाटलं होतं, आत कुठंतरी गाठ सुटेल. तसं झालं नाही. पण बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि हे ती आजही कुणापुढे लपवत नाही. ड्रायव्हर दुरुस्त झाला, झिजलेल्या यंत्रांमधला मजकूर वेळेत हलवला गेला, पोरांच्या नोकऱ्या राहिल्या. गेली फक्त ओस्तोयाची. मालकांनी तिला परत बोलावलं, तेव्हा तिनं फोनवरच नाही म्हटलं.

तो आता फ्रुश्का गोरा डोंगराच्या उतारावर वडिलांच्या मधमाश्या सांभाळतो. नेवेना मोठी झाली आहे, ती त्याला भेटायला जाते. आई अडवत नाही, विचारतही नाही. मुलगी येताना मध आणते. स्तोयान तो पावावर लावून खातो. एकदा त्यानं बरणी बायकोपुढे सरकवली.

"चांगला आहे गं," तो म्हणाला.

"असेल," स्मिल्का म्हणाली आणि लोणी मागितलं.