हकिमांनी सांगितलेला खुराक

महाराजांच्या त्या काळात कोल्हापुरात पैलवानाला मान होता, पण कुस्ती सुटलेल्या पैलवानाकडं कुणी बघत नसे. आमच्या आबांचा गुडघा गेला, आखाडा सुटला, जेवण मात्र तेच राहिलं. अंग सुटलं, चार पावलांत धाप लागायला लागली. शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या हकिमांनी त्यांना अर्ध्या भाकरीवर आणि ताकावर ठेवलं. आबा उतरले, कमरेचा करदोडा सैल झाला. तेव्हा हकीम म्हणाले, "बस्स, आता आणखी उतरायचं नाही. हळूहळू खुराक वाढवा."

हकिमांच्या तोंडी खुराक म्हणजे रोजचं जेवण. एखादी भाकरी जास्त, एवढंच. पैलवानाच्या घरात खुराक म्हणजे बदाम, तूप, मटण आणि तांब्यातांब्यानं दूध. आबा हरखले. आईचा हात जरा आखडला की दटावायचे, "हकीमच म्हणलाय की, वाढ."

किती वाढवायचा, हे हकिमांना परत जाऊन कुणी विचारलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

आबा गेले तेव्हा रिवाजाप्रमाणं करदोडा तोडायचा होता. तो मांसात इतका रुतला होता की कातरीचं टोकही खाली शिरेना.