सैल सोडलेला दोर

कोंडीबा मुळशी धरणाच्या पाण्यावर होडी चालवायचा. १९५८च्या उन्हाळ्यात पुण्याहून हवामानखात्याचे साहेब आले आणि वारा मोजायला त्यांनी वाडीवरच्या माळावर भलामोठा फुगा दोराला बांधून चढवला. दोर गुंडाळायच्या रहाटावर जाणता माणूस हवा होता. मी कोंडीबाचं नाव सुचवलं. मी तेव्हा तिथे शाळामास्तर होतो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो.

साहेबांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. फुग्यातला वायू पेटतो, त्याला विस्तव लागता कामा नये. आणि वारा वाढला की फुगा खाली ओढून घ्यायचा, कारण जोराच्या वाऱ्यात तो वर राहत नाही, आडवा होतो. दोर जितका लांब, तितका दूर जाऊन आपटतो. माळाच्या उतारावर खाली गवताच्या सात खोपी होत्या, त्यांतली एक कोंडीबाची. त्याला सगळं नीट कळलं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी साहेब बंगल्यावर जेवायला गेले. एकट्या माणसावर एवढं धूड टाकून! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. पश्चिमेचा वारा उठला. फुगा कलला, डावीकडून उजवीकडे झोके घेऊ लागला, दोर ताणून करकरायला लागला. कोंडीबाची वीस वर्षं होडीवर गेलेली. लाटा उसळल्या की बांधलेल्या होडीचा दोर सैल करायचा, नाहीतर तुटतो. त्याने रहाटाची खीळ काढली. दोर भराभरा सुटला, फुगा उतारावरून खाली झेपावला आणि त्याच्याच खोपीवर पडला. आत त्याची बायको पारू भाकरी थापत होती. चूल पेटलेली होती.

साहेबांनी कागद केला, अचानक आलेल्या वाऱ्याने अपघात. कोंडीबा अंगठा देईना.

"वारं न्हाई सायेब, म्या दोर सोडला."

कागद अंगठ्याशिवायच पुण्याला गेला.

पारू नऊ दिवस जगली. आठव्या दिवशी दवाखान्यात तिने त्याला विचारलं, "अवो, सायबानं सांगितल्यालं तसं दोर वढलावता न्हवं?"

मी खाटेपाशीच उभा होतो. कोंडीबाने माझ्याकडे पाहिलं.

"व्हय. वढतच व्हतो," तो म्हणाला.

"लई सोलपाटलं आसतील हात. दावा बगू."

कोंडीबाने मुठी आवळल्या त्या उघडल्याच नाहीत. त्याच्या तळहातांवर एक ओरखडाही नव्हता.