ओरडणारी ती एकटीच बदकी

ये गं धाकटे, अशी जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून लांबून वाचू नकोस. आधी थोरल्या बहिणीची बोलणी खा. निरगुडसरवरून डिंगोऱ्याला यायला असा किती वेळ लागतो, आणि तुला किती वर्षं लागली?

बदकांची अंडी तूच धाडली होतीस. मी ती खुडूक कोंबडीखाली बसवली, आठ पिल्लं निघाली. मोठी झाली तसा अंगणात नुसता कल्ला. नर एक बास, एवढं मला ठाऊक होतं. पण नर कुठला? सगळी सारखीच पांढरी.

मालक ओट्यावरून म्हणाले, "सोपं हाय. वरडतो तो नर."

"कशावरून?"

"ह्या घरात कोण वरडतं?"

"तुमी!"

"मग झालं तर."

लई हसलो दोघं. चार ओरडणारी होती, चार गप्प. गप्प त्या माद्या, असं धरलं. ओरडणाऱ्यांतलं एक नर म्हणून ठेवलं नि तीन जुन्नरच्या बाजारात नेली. कोंबडीवाले चाचा म्हणाले, "भाभी, अंड्यावर आलेल्या माद्या का विकताय?" मला वाटलं, चेष्टा करतात.

थोड्याच दिवसांत सकाळी बघते, तर आमचा नर अंडं घालून बसलेला! ज्यांना गप्प धरलं, ते घसा बसल्यागत हळू घोगरं बोलणारे चार, तेच खरे नर. शेपटीवर वळलेलं पीसही होतं त्यांच्या. मला आपलं ते नटणं वाटलेलं. तू एकदा आली असतीस, तर अंगणात पाय ठेवल्याबरोबर सांगितलं असतंस.

चार नर आणि ती एकटी. हौदात उतरली की एकामागून एक तिच्यावर चढायचे, मान चोचीत धरून पाण्याखाली दाबायचे. मानेवरची पिसं गेली, कातडी लाल झाली. शेजारच्या फोनवरून तुला निरोप दिला, तीन नर घेऊन जा. येते म्हणालीस. विकावेत तर श्रावण लागलेला. चाचा म्हणाले, "महिनाभर सांभाळा भाभी, गिऱ्हाईकच नाही." खुराडं एकच, बिबट्याच्या भयानं कोंबड्यांनी भरलेलं. मग तिलाच दिवसभर डालग्याखाली झाकायची. मारणारे मोकळे नि कोंडली ती.

पाण्यासाठी ओरड ओरड ओरडायची. ऐकवेना. एका दुपारी डालगं उचललं. चौघं लांब बांधाला चरत होते. म्हटलं, घडीभर डुंबू दे. तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून आत गेले. तवा उतरवतेय तोवर बाहेरचं ओरडणं थांबलं. धावत आले. चौघं हौदात, आणि ती खाली.

मालकांनी तिला बाहेर काढलं. त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं गं.

श्रावण संपला तरी नर विकले नाहीत. दाण्यासाठी माझ्याच पायाशी यायचे, त्यांना काय बोलू? डालगं मी उचललं होतं. एकेक करून म्हातारे होऊन मेले, आता एक उरलाय. मालकही गेले. तो हौदाच्या कडेला बसतो, मी ओट्यावर. दिवसच्या दिवस घरात आवाज म्हणून नाही.

नर न्यायला नको येऊस. अशीच ये, पण लवकर ये. आणि फाटकापासूनच मोठ्यानं हाक मार.